स्ट्राइक : एका शब्दाची कुळकथा



गेल्या महिन्यात भिलाई यार्डाजवळ आमची द्वारसभा झाली. विषय नेहमीचेच होते : रिकाम्या जागा, रखडलेल्या बढत्या, रात्री रुळांवर एकट्याने गस्त घालणाऱ्यांची सुरक्षितता. सभा संपल्यावर एक तरुण ट्रॅक मेंटेनर जवळ आला. मुलगा पदवीधर आहे. आजकाल पदवीधर मुलेच हातोडा आणि पाना घेऊन रुळांवरून चालतात, हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगता आपला लढा शांततेचा. मग त्याला स्ट्राइक कशाला म्हणायचे? स्ट्राइक म्हणजे तर मारणे. टीव्हीवर एअर स्ट्राइक दाखवतात, त्यात बॉम्ब पडतात. घरचे विचारतात, तुमची युनियन कुणाला मारणार आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. उभ्या आयुष्यात हा शब्द आम्ही किती नोटिशींत लिहिला, किती भिंतींवर रंगवला, त्याचा हिशेब नाही. पण तो आला कुठून, हे कधी पाहिले नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. इंग्रजीशी आमचा संबंध चार्जशीट वाचण्यापुरता आणि तिला उत्तर देण्यापुरता. तरी पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून शब्दकोश धुंडाळले, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते सर्व रेल्वे आणि डाक कामगार बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या त्या मुलाचा नाही.

पहिली गोष्ट ही की स्ट्राइक या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ मारणे असा नाहीच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हात फिरवणे, पुसत जाणे, सरकत जाणे. स्ट्रोक आणि स्ट्रीक हे शब्द त्याचेच भाऊबंद. आपल्याकडे धान्य मोजताना पायली शिगोशीग भरतात आणि सपाट माप हवे असेल तर वरून हात किंवा काठी फिरवून शीग उतरवतात. इंग्लंडातही तसेच करीत, आणि त्या काठीला स्ट्राइकच म्हणत. ठोकणे, प्रहार करणे हा अर्थ पुढच्या काही शतकांत आला आणि मग तोच वरचढ झाला. त्यातून फांद्या फुटत गेल्या. काडी ओढली की ती स्ट्राइक, घड्याळाने ठोके दिले की ते स्ट्राइक, टांकसाळीत नाणे पाडले की ते स्ट्राइक, सौदा पटला की तोही स्ट्राइक. क्रिकेटमुळे स्ट्राइक रेट तर शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

पण काम थांबवणे हा अर्थ या ठोकाठोकीतून आलेला नाही. तो आला समुद्रावरून. जहाजावरचे शीड खाली उतरवणे याला खलाशांच्या भाषेत शीड स्ट्राइक करणे म्हणत. सन १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांचे पगार तुटपुंजे होते आणि महागाई वाढलेली होती. मालक ऐकेनात. तेव्हा खलाशी जहाजाजहाजांवर गेले आणि त्यांनी शिडे उतरवली. जहाज फोडले नाही, माल बुडवला नाही. जी शिडे त्यांनीच रोज चढवायची, ती त्यांनीच खाली घेतली. शीड उतरले की जहाज लाकडाचा ओंडका. त्या वर्षापासून इंग्रजीत काम थांबवण्याला हा शब्द चिकटला, तो आजतागायत.

म्हणजे स्ट्राइकमध्ये कामगार दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. तो आपला स्वतःचा हात काढून घेतो, एवढेच. आणि मगच मालकाला, सरकारला, जगाला दिसते की जहाज कुणामुळे चालत होते. त्या तरुण साथीला आमचे पहिले उत्तर हे.

पण शब्दाची कथा इथे संपत नाही. शीड उतरवण्याबरोबर खलाशांच्या भाषेत झेंडा उतरवणे हाही स्ट्राइकच, आणि त्याचा अर्थ होतो शरणागती. एकच शब्द, एकच हालचाल. शीड उतरले तर लढा, झेंडा उतरला तर हार. फरक दोरीत नाही, उतरवणाऱ्याच्या मनात आहे. आमच्या चळवळीत दोन्ही प्रकार घडलेले आहेत आणि ते कुठे कुठे घडले, हे जुन्या साथींना सांगायला नको.

आणखी एक अर्थ आहे, जो कामगाराच्या नव्हे, साहेबाच्या हातात असतो. यादीतल्या नावावर रेघ मारणे, म्हणजे स्ट्राइक ऑफ. हजेरीपटावरून नाव उडवणे. भिलाईच्या कारखान्यांच्या फाटकांवर यासाठी "काम से बैठा दिया" असे म्हणतात. ना नोटीस, ना चौकशी; सकाळी माणूस फाटकावर जातो तेव्हा यादीत त्याचे नाव नसते. रेल्वेच्या हंगामी कामगारांनी हा मार वर्षानुवर्षे खाल्ला. अखेर १९८२ साली दक्षिण रेल्वेच्या एका हंगामी कामगाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गैरहजेरीचे कारण दाखवून असे नाव उडवणे ही कामगारकपातच आहे आणि कपातीचे कायदेशीर नियम पाळल्याशिवाय ती करता येणार नाही. त्या निकालाच्या आधारे पुढे अनेकांच्या बाजूने दाद मागता आली. तेव्हा ध्यानात घ्या, एकाच शब्दाची दोन टोके आहेत. एक टोक आपल्या हाती : शीड उतरवणे. दुसरे त्यांच्या हाती : नाव पुसणे. आपण पहिले टोक सोडले की दुसरे मोकाट सुटते.

गंमत पाहा, आपल्या भाषेतही अशीच एक जोडगोळी आहे. हरताळ म्हणजे बाजार बंद. हा शब्द हाट आणि ताळा, म्हणजे दुकानाला कुलूप, यांपासून गुजरातीमार्गे आला आणि १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी हाक दिल्यावर तो देशभर झाला. हिंदीतली हडताल तीच. पण मराठीत हरताळ नावाचा दुसराही एक शब्द आहे : एक पिवळे खनिज. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हे हरताळ फासून ती पुसून टाकीत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तिथला. एक हरताळ आपण पाळतो, दुसरा आपल्या मागण्यांना फासला जातो!

इतर देशांनी या गोष्टीला काय म्हटले, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच भाषेत संपाला ग्रेव्ह म्हणतात. पॅरिसमध्ये नदीकाठी त्या नावाचा एक चौक होता. बेकार मजूर कामाच्या शोधात तिथे जमत. म्हणजे आपला मजुरांचा नाकाच. आज दुर्ग-भिलाईत, नागपुरात, कल्याणला सकाळी सात वाजता जे नाके भरतात, तसा. स्पॅनिश भाषेतला शब्द आहे उएल्गा. तो ज्या क्रियापदातून आला त्याचा अर्थ विसावणे. जर्मनांनी आणि पोलंडवाल्यांनी इंग्रजी शब्दच आपल्या उच्चारात उचलला.

आता आपल्या मराठी शब्दाकडे येऊ. संप. रोजच्या वापरातला असल्यामुळे आपण त्याचा विचार करीत नाही. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा, सलोखा. घरात संप आहे असे गुजराती माणूस म्हणाला तर त्या घरात चूल बंद नाही. त्या घरात भांडण नाही. मराठीतही संप या शब्दाचा मूळ अर्थ एकमत, एकी हाच. पुढे एकमताने काम बंद ठेवणे हा अर्थ त्याला आला आणि मूळ अर्थ मागे पडला.

आम्हाला वाटते, सगळ्या भाषांत आपल्या शब्दाने मर्म नेमके पकडले आहे. इंग्रजी शब्द सांगतो काय खाली आले : शीड. फ्रेंच शब्द सांगतो माणसे कुठे जमली. स्पॅनिश शब्द सांगतो माणसे काय करीत होती : विसावा घेत होती. मराठी शब्द सांगतो हे सारे कशाच्या जोरावर झाले : एकीच्या. एकट्याने शीड उतरवले तर त्याचे नाव हजेरीपटावरून उडते. सगळ्यांनी उतरवले तर बोलणी सुरू होतात.

राज्यकर्त्यांना हे आपल्याआधी कळले होते. इंग्लंडात १७९९ आणि १८०० साली कामगारांविरुद्ध जे कायदे झाले, त्यांचे नावच होते कॉम्बिनेशन ॲक्ट, म्हणजे एकत्र येण्याविरुद्धचे कायदे. १८२४ साली ते रद्द झाले. आपल्याकडच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही संपाची व्याख्या काय होती? संगनमताने काम थांबवणे किंवा समान समजुतीने काम करण्यास नकार देणे. मारण्याचा त्यात शब्दही नाही. सगळा भर एकत्र येण्यावर. कायद्याने आपल्याही नकळत संप या शब्दाचा मूळ मराठी अर्थच लिहून ठेवला होता.

तो कायदा आता राहिलेला नाही. २०२० साली संसदेत संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने त्याची जागा घेतली. तिने संपाची व्याख्या वाढवली आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच. चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेचे बंधन सार्वजनिक सेवा म्हणून रेल्वेला आणि डाक खात्याला पूर्वीपासूनच होते. आता ते सर्व उद्योगांना लागू झाले. बेकायदा संपाबद्दल कामगाराला जुन्या कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. कैद तेवढीच राहिली, दंड एक हजार ते दहा हजार रुपये झाला. त्याआधी २००३ साली तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच होते की सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ ही केवळ पंडितांची बाब नाही. अर्थ कोण ठरवतो, यावर तुमची एक दिवसाची रजा गुन्हा ठरते की नाही हे अवलंबून आहे.

रेल्वे आणि टपाल यांच्याइतका या शब्दाचा अनुभव देशात फार थोड्यांना असेल. १८६२ साली हावड्याच्या रेल्वे कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी काम बंद केले. शिकागोचा मे दिन त्यानंतर चोवीस वर्षांनी आला. भिलाईवरून रोज ज्या मार्गाने गाड्या हावड्याला जातात, त्याच मार्गाच्या शेवटच्या टोकावर हे घडले. दुसऱ्या टोकाला, मुंबईत, १८९९ साली जी.आय.पी. रेल्वेच्या सिग्नलर्सनी काम थांबवले आणि लोकमान्यांच्या केसरीने त्यांची बाजू घेतली. ११ जुलै १९४६ रोजी टपाल कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. १९६० च्या जुलैत आणि १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात रेल्वे आणि डाक खांद्याला खांदा लावून उतरले. १९६८ मध्ये पठाणकोटला रेल्वे कामगारांवर गोळ्याही झाडल्या गेल्या.

आणि ८ मे १९७४. वीस दिवस चाललेला तो संप हजारोंच्या अटकांनंतर, बडतर्फीनंतर आणि रेल्वे वसाहतींतून बायकामुले बाहेर काढली गेल्यानंतर मागे घ्यावा लागला. त्या दिवशी म्हणणाऱ्यांनी म्हटले की झेंडा उतरला. पण त्या संपाची एक प्रमुख मागणी बोनसची होती, आणि १९७९-८० पासून रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस सुरू झाला. आज दसऱ्याच्या आधी बोनस खात्यावर येतो तेव्हा नव्या मुलांना वाटते तो सरकारने आपणहून दिला. तसे नाही, बाबांनो. तो १९७४ मध्ये उतरवलेल्या शिडांचा बोनस आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ग्रामीण डाक सेवकांचे घ्या. ज्यांना खाते पूर्ण कर्मचारीही मानत नाही, त्यांनी २२ मे २०१८ पासून काम थांबवले, आणि ६ जून २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांच्या वेतनवाढीला मंजुरी दिली.

आता भिलाईबद्दल सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सोव्हिएत सहकार्याने उभा राहिलेला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला इथला पोलाद कारखाना. तुमची-आमची गाडी ज्या रुळांवरून धावते ते बहुतेक इथलेच. त्यासाठी लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येते. तिथल्या कंत्राटी खाणमजुरांनी १९७७ साली आपली संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मेले. त्या मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी. त्यांच्या संघटनेने संप केले आणि मजुरांच्या वर्गणीतून व श्रमदानातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालयही उभे केले. पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतले कंत्राटी कामगार जगण्यापुरता पगार, कायम नोकरी आणि संघटनेचा हक्क मागू लागले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना झोपेतच गोळी घालून मारण्यात आले. १ जुलै १९९२ रोजी ते कामगार बायकामुलांसह भिलाई पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसले. संध्याकाळी गोळीबार झाला. किमान सोळा कामगार ठार झाले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही जीव गेला.

त्या वेळी आम्ही नोकरीत नवे होतो. एक गोष्ट आज कबूल करतो. त्या दिवशी आमच्यातल्या अनेकांच्या तोंडी पहिला प्रश्न काय होता? गाड्या किती तास अडकल्या, लाइन कधी मोकळी होणार. रुळांवर बसलेला माणूस कोण आहे, काय मागतो आहे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. तो कंत्राटी, आम्ही कायम. त्याची युनियन वेगळी, आमची वेगळी. त्याच्या भाऊबंदाने खणलेल्या खनिजाचा रूळ आमच्या पायाखाली होता, तरीही. स्ट्राइक हा शब्द आम्हाला तोंडपाठ होता. संप हा शब्द आम्हाला कळलेला नव्हता.

आज तरी कळला आहे का? आपल्या डब्यांची सफाई कोण करतो, गाडीत चादरी कोण वाटतो? कंत्राटी कामगार. आपल्या द्वारसभेत तो कुठे असतो? गर्दीच्या मागे, हातात झाडू घेऊन, आपले भाषण संपायची वाट पाहत. खेड्यातली टपालाची पिशवी ग्रामीण डाक सेवक वाहतो आणि शहरातल्या डाक कार्यालयातले आपले भाईबंद त्याला आपल्यातला मानत नाहीत. उद्या आपण शीड उतरवले आणि त्याच्या पोटाची चिंता करून तो कामावर राहिला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कुठून येणार? त्याच्या नावावर रेघ मारली गेली तेव्हा आपण गप्प होतो.

म्हणून आमच्या शाखांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली : या वर्षीच्या मागण्यांच्या सनदेत कंत्राटी कामगारांच्या किमान वेतनाची आणि भविष्यनिर्वाह निधीची मागणी शेपटाला नव्हे, पहिल्या पाचांत घ्या. दुसरी : कोणत्याही हजेरीपटावरून, कंत्राटदाराच्या का असेना, नाव उडाले तर आठ दिवसांत युनियनने लेखी विचारणा केली पाहिजे. तिसरी : संपाची नोटीस दरवर्षीचा सण समजून देऊ नका. ती देण्याआधी प्रवाशाशी बोला, पेन्शनची वाट पाहणाऱ्या म्हातारीशी बोला. जहाजावर इतरही माणसे असतात. शीड का उतरते आहे हे त्यांना आधी कळले पाहिजे.

त्या तरुण साथीला आम्ही पुढच्या द्वारसभेत उत्तर देणार आहोत. त्याला सांगू, घरी जाऊन सांग, आमची युनियन कुणालाही मारणार नाही. तुझ्या शब्दाचा अर्थ शीड उतरवणे आणि आपल्या शब्दाचा अर्थ एकी. आधी दुसरे साधले पाहिजे, मगच पहिल्याला हात घालायचा. आणि त्या सभेत झाडू घेतलेल्या साथीला मागे उभे ठेवणार नाही; पुढे बोलावून बसवू, आणि पहिले बोलायला त्यालाच सांगू.

कामगार एकजुटीचा विजय असो!